चाळीस मिनिटांचे हात

तुषार गोताडच्या हातातली बशी वाजत नाही, हे रुपेश मांडवकरच्या लक्षात आलं ते सरपंचबाईंच्या घरच्या सत्यनारायणाला. आणि तिथपासून प्रसादाचा शिरा काही त्याच्या घशाखाली उतरेना.

देवकोंडात बेणणीवाल्याच्या हातातली कपबशी वाजायचीच, ही जगरहाटी. पावसानंतर आंबा-काजूच्या बागांत कमरेएवढं गवत माजतं. ते काढायचं म्हणजे बेणणी. पूर्वी ती कोयत्याने व्हायची. आता खांद्याला पट्टा अडकवायचा आणि पेट्रोलचा ग्रासकटर घेऊन उतरणीला लागायचं. मशीन मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतं आणि तेवढेच हिसके दांड्यातून हातात सोडतं. पाच बेणणीवाले ओसरीवर चहाला बसले की आतल्या बायकांना वाटायचं, आरती सुरू झाली. त्या दिवशी चारच बशा वाजत होत्या. पाचवी गप्प.

"काय रे, चहा नाय घेतलास?" रुपेशने विचारलं.

"घेतला पण, दादा." तुषारने रिकामा कप दाखवला. त्याच्या हातांत पोपटी रंगाचे, सालीसारखे पातळ हातमोजे होते. "हे निष्कंप. कंपनीची पहिली जोडी मला मिळाली. मशीन हातात आहे असं वाटतच नाय. पाळण्याची दोरी धरल्यागत."

पहिली जोडी. आणि ती ह्याला. चार वर्षांपूर्वी ह्याच तुषारला मशीनची दोरी ओढता येत नव्हती, ती रुपेशने शिकवली. पाजळलेलं पातं कसं बसवायचं, दगड आला की मनगट कसं वळवायचं, सगळं रुपेशने शिकवलं. देवकोंडात पहिला ग्रासकटर आणला रुपेशने, अठरा वर्षं झाली. आजही कुठल्याही बागेत बेणणीला वरची पहिली ओळ त्याची, बाकीचे मागून. आणि आता बशी न वाजवता चहा पिणार हा.

रुपेशने आपली बशी खाली ठेवली. ठेवतानाही ती वाजलीच.

*

हे हातमोजे काय करतात, ते थोडक्यात सांगायला हवं.

मशीनच्या हादऱ्यांनी बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि नसा हळूहळू बधिर होतात. आधी मुंग्या येतात. मग थंडीच्या सकाळी बोटं खडूसारखी पांढरी पडतात. मग एक दिवस पाच रुपयांचं नाणं आणि शर्टाचं बटण यातला फरक बोटांना कळेनासा होतो. माणूस भीतीने दांडा जितका घट्ट धरतो तितका हादरा जास्त आत शिरतो. म्हणजे जो जीव तोडून काम करतो, त्याचेच हात आधी जातात. निसर्गाला असले विनोद सुचतात.

निष्कंपच्या आत केसाएवढ्या पट्ट्यांची जाळी असते. ती दर सेकंदाला हजारो वेळा हादरा मोजते आणि त्याच क्षणी बरोबर उलट्या दिशेला ढकलते. मशीन वर, तर जाळी खाली. दोघांची भांडणं परस्पर मिटतात, हाताला काही कळत नाही. शिवाय पकड सैल राहावी म्हणून मोजा हाताच्या नेहमीच्या हालचालींना मागून आधार देतो, चालायला शिकणाऱ्या पोराला बगलेत धरावं तसा.

अडचण एकच होती. माणसाचा हातसुद्धा मुळात कापत असतो, अगदी निरोगी माणसाचासुद्धा. सेकंदाला आठ-दहा वेळा, प्रत्येकाचा आपापल्या तऱ्हेने. यातलं मशीनचं किती, माणसाचं किती आणि माणसाला मुद्दाम करायचं आहे ते कुठलं, हे मोज्याला शिकावं लागतं. म्हणून आधी स्पर्शाची परीक्षा, मग सात दिवस मोजे घालून घरातली सगळी कामं. परीक्षेत हात किती शाबूत आहेत ते कळतं आणि त्यावर रोजचा वेळ ठरतो. तेवढा वेळ झाला की मोजा मशीनला सांगतो, बस कर. मशीन बंद. आणि येत्या, म्हणजे दोन हजार एकोणचाळीसच्या, दसऱ्यापासून कायदाच लागू होणार होता की मोजा नाही तर मशीन चालूच होणार नाही.

तुषारला पाच तास मिळाले होते.

रुपेशची जोडी आली ती त्याने गोठ्यात नेऊन घातली. म्हशीखेरीज कोणी बघायला नव्हतं. मोज्यातून शाळेतल्या बाईंसारखा स्वच्छ आवाज आला. "स्पर्श जाणवला की होय म्हणा."

रुपेश वाट बघत बसला. काही जाणवेना. शेवटी अंदाजाने म्हणाला, "होय."

"परीक्षा अजून सुरू झालेली नाही," मोजा म्हणाला.

पाच मिनिटांनी रुपेशने एकूण अकरा वेळा होय म्हटलं होतं. त्यातली नऊ मोज्याने काही केलेलं नसताना. निकाल आला. रोजचा वेळ, चाळीस मिनिटं. खाली बारीक अक्षरांत सल्ला होता की वापरकर्त्याने ही बाब कुटुंबीयांना सांगावी.

चाळीस मिनिटांत रुपेशचा नुसता पट्टा नीट बसत असे.

कुटुंबीय म्हणजे प्रणाली. दोन वर्षं रुपेश टी-शर्टच घालत होता, ते बटणं लागत नाहीत म्हणून, हे त्याने तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. "हल्ली शर्टाची काजी बारीक शिवतात," असं एकदा म्हणाला होता. तिने नुसतं बघितलं होतं.

त्याने मोज्याच्या पट्टीवरचं 'पुन्हा नोंदणी' दाबलं आणि घरात गेला.

"प्रणाली, हे जरा घाल गो."

"मी कशाला?"

"कंपनीचा नियम आहे. आधी घरातल्या बाईने सात दिवस वापरून मऊ करायचे."

"चपला आहेत काय?"

"नवीन टेक्नॉलॉजी आहे ती. तुला नाय कळायची."

प्रणाली काजूच्या कारखान्यात सोलणीला होती. भाजलेल्या गराची तांबडी साल गर न दुखावता नखाने काढायची, दिवसाला हजारो. डोळे मिटून नुसत्या बोटाने ती सांगायची, हा गर पांढरा, हा डागी. त्या बोटांनी तिने परीक्षा दिली. एक होय चुकला नाही. मोजा खूश होऊन म्हणाला, "उत्कृष्ट हात. रोजचा वेळ साडेपाच तास."

रुपेशला एकीकडे बरं वाटलं आणि दुसरीकडे कुठेतरी टोचलं. त्याच्या अठरा वर्षांना कोणी कधी उत्कृष्ट म्हटलं नव्हतं. पण तुषारपेक्षा अर्धा तास जास्त, हे लक्षात आल्यावर टोचणं थांबलं. त्याने लगेच बेणणीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, 'आमचे साडेपाच.'

तुषारचं उत्तर आलं, 'दादा, अठरा वर्षांनी असे हात? रात्री तूप चोळतोस काय?'

सात दिवस प्रणाली मोजे घालून वावरली. काजू सोलले, नारळ खवला, आणि दोन वेळच्या भाकऱ्या केल्या. तिच्या माहेरच्या पद्धतीने, परातीत नव्हे तर हातावर. तांदळाचा गोळा दोन तळव्यांमध्ये घ्यायचा, तीन थापा, एक गिरकी. तीन थापा, एक गिरकी. मोज्याने सगळं मन लावून शिकून घेतलं. आठव्या दिवशी रुपेशने ते आपल्या हातांत चढवले. बशी वाजली नाही. त्याने मुद्दाम तीन वेळा चहा घेतला.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता. निष्कंप वापरणारा तालुक्यातला पहिला तरुण म्हणून तुषारचा सत्कार होता. रुपेश पहिल्या रांगेत बसला, कारण मागे बसला असता तर लोक म्हणाले असते, जळतो. मोजे मुद्दाम घालून आला होता, साडेपाच तास लोकांना दिसावेत म्हणून.

सरपंचबाईंनी शाल घातली, नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपेशने हात मांडीवर घट्ट ठेवले. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं, ही शाल कोणाच्या खांद्यावर हवी होती. रागाने त्याच्या हातांना बारीक कंप सुटला.

मोज्यांना तो कंप ओळखीचा वाटेना. म्हणजे मशीनचा नाही, आणि त्यांनी शिकलेल्या हाताचाही नाही. त्यांनी विचार केला असावा, की हात थकलाय बिचारा, नेहमीचं काम जमेना झालंय. आता नेहमीचं काम म्हणजे काय, हे त्यांना सात दिवसांत पाठ झालं होतं.

रुपेशचे हात मांडीवरून उठले आणि समोरासमोर आले. तीन थापा, एक गिरकी.

बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या. रुपेशच्या चालू राहिल्या. तीन थापा, एक गिरकी. त्याने हात काखेत दाबून धरायचा प्रयत्न केला, ते निसटले. खुर्चीखाली घातले, तर खुर्चीखाली वाजू लागले. मोजे ओढून काढावेत तर काढायला तिसरा हात हवा. मांडवातल्या लोकांना वाटलं, गुरूचं मन भरून आलंय. एकाने पुन्हा टाळी धरली. मग सगळ्यांनी धरली. मग लोक उभे राहिले. देवकोंडात त्याआधी कोणासाठी लोक उभे राहिले नव्हते, आमदार आले होते तेव्हासुद्धा नाही.

तुषारचे डोळे पाणावले. तो शालीसकट खाली उतरला आणि रुपेशच्या पाया पडला.

"दादा, मला वाटलं होतं तुला राग आला असेल. तुझं मन किती मोठं रे."

"ऊठ मेल्या," रुपेश दात खाऊन म्हणाला आणि टाळ्या वाजवत राहिला.

दहा मिनिटांनी, मोज्यांच्या हिशेबाने आठ भाकऱ्या झाल्यावर, हात थांबले.

*

दसऱ्याला देवस्थानच्या बागेची बेणणी सुरू होते. चारशे कलमं, मोठी उतरण, आणि सगळं गाव बघायला. वरची पहिली ओळ अर्थातच रुपेशची. दुसरी तुषारने घेतली.

रुपेशने दोरी ओढली, मशीन चालू झालं. पहिली पन्नास पावलं अशी गेली की त्याला वाटलं आपण पंचवीस वर्षांचे आहोत. हादरा नाही, मुंग्या नाहीत. मग त्याने बाजूला बघितलं. तुषार दोन कलमं पुढे होता.

पुढे. त्याच्या पुढे. रुपेशच्या हातांना परत कंप सुटला.

हात दांड्यावरून सुटले. दाब गेला तसं पातं थांबलं, आणि मशीन पट्ट्याला लोंबकळत म्हशीसारखं घुरघुरत राहिलं. त्याच्यावर, हवेत, रुपेश मांडवकर भाकरी थापत उभा. तीन थापा, एक गिरकी. कुंपणाबाहेरची माणसं काम सोडून बघायला लागली.

तुषार मशीन बंद करून जवळ आला. जरा वेळ मान कलती करून बघत राहिला.

"दादा," तो हळू आवाजात म्हणाला, "ही भाकरी आहे."

"गप."

"आणि ही वहिनींची आहे."

रुपेशच्या डोक्यात जाळ झाला. हात भाकरी थापत होते, नाहीतर त्याने तुषारची मानगूट धरली असती. "माझ्या बायकोची भाकरी तू कशी ओळखतोस?"

"चार वर्षं तुझ्याकडे काम शिकलो, दुपारी तुमच्याच मागच्या दारी जेवायला असायचो ना. ऐकून ऐकून पाठ झालंय. तीन थापा नि गिरकी. आमची आई पाच थापा मारते."

"तू माझ्या घरात जेवायला यायचास की ऐकायला?"

"दादा, भुकेलेला माणूस दोन्ही करतो."

तेवढ्यात समोरून प्रणालीच आली, डोक्यावर जेवणाची टोपली. तिने नवऱ्याचे हात बघितले, मशीन बघितलं, तुषारचा चेहरा बघितला. टोपली कलमाच्या बुंध्याशी ठेवली. काही न विचारता रुपेशच्या हातांतले मोजे सोलून काढले, काजूची साल काढावी तसे, अलगद. हात थांबले. तिने ते आपल्या हातांत घातले, पदर खोचला आणि पट्टा आपल्या खांद्यावर घेतला.

"दोरी कशी ओढायची, भावजी?" तिने विचारलं.

तुषारला विचारलं. नवरा समोर उभा असताना.

"मी सांगतो," रुपेश म्हणाला. "खालून नाय, बाजूने ओढ. पाय रुंद."

मशीन चालू झालं. मोज्यांना आपला हात परत सापडला होता. ते इतके शांत झाले की नाहीतच असं वाटावं. पहिली दहा पावलं ती अडखळली, मग दांडा डावीकडून उजवीकडे तिच्या मापाने फिरू लागला. मागे गवत असं पडत गेलं जसं कोणी चटई अंथरत जावी. दगड आला, तिने पातं नुसतं टेकताच उचललं. तिला दांड्यातूनच कळलं होतं.

"वहिनी, हात कसला हो तुमचा," तुषार ओरडला.

ती हसली. मशीनच्या आवाजात हसू ऐकू आलं नाही, पण रुपेशने पाहिलं. त्याला कळेना की जळायचं कोणावर. माझ्या ओळीत चालणाऱ्या हिच्यावर, की हिला हसवणाऱ्या त्याच्यावर. दोघांवर एकदम जळायला माणसाला अंगात ताकद लागते.

ओळ संपवून ती आली. तुषार शहाणा, पाणी आणायच्या निमित्ताने विहिरीकडे गेला. प्रणालीने मोजे काढले आणि नवऱ्याच्या समोर बसली.

"डोळे मीट."

"कशाला?"

"मीट म्हणते ना. हात पुढे कर." थोडा वेळ गेला. "सांग, मी तुझं कुठलं बोट धरलंय?"

रुपेशने जीव बोटांत गोळा केला. वाऱ्याचा आवाज येत होता, लांब कुठेतरी कोणी पातं पाजळत होतं. बोटांकडून काही येत नव्हतं. तिने नेहमी धरावं तेच धरलं असेल. "मधलं," तो म्हणाला.

"उघड डोळे."

तिचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होते.

"मी धरलंच नाय," ती म्हणाली.

त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"टी-शर्ट घालायला लागलास तेव्हा. म्हटलं, सांगेल कधीतरी." तिने त्याची बोटं आता खरोखर हातात घेतली. त्याला ते दिसलं म्हणून कळलं. "असाच अजून एक मोसम काढलास, तर घास कुठला नि चमचा कुठला तेही कळणार नाय. जा, आपली खरी नोंदणी करून ये. ही जोडी माझ्या नावाने लाव."

"लोक काय म्हणतील? पहिली ओळ बायकोची?"

"म्हणू देत. तुझे हात मला हवेत. लोकांना नकोत."

तो उठला. बागेपासून ग्रामपंचायतीपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता होता, त्याला अर्धा तास लागला. दसऱ्याची सुट्टी असूनही सरपंचबाईंनी कुलूप काढलं आणि फॉर्म पुढे केला. त्यात रकाना होता, आधीची नोंदणी रद्द करण्याचे कारण. रुपेशने पेन मुठीत धरून लिहिलं, 'हात माझे नव्हते.' सरपंचबाईंनी ते वाचलं, त्याच्या मुठीकडे बघितलं आणि शिक्का मारला.

*

नवीन जोडी आली. चाळीस मिनिटं.

प्रणालीने कारखान्यातून सकाळची सुट्टी मागून घेतली. कंपनीचा नियम असा की उतरणीवर दोघांनी जोडीने चालायचं, म्हणजे एक पडला तर दुसरा धावेल. जोडी ठरली प्रणाली आणि तुषार यांची, कारण इतक्या तासांचे हात दुसऱ्या कोणाचे नव्हतेच. रुपेश रोज चाळीस मिनिटं काढायचा, मोजा बस म्हणाला की कलमाखाली बसून दोघांसाठी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचा, पाती पाजळायचा आणि दोघं किती वेळा हसतात ते मोजायचा. सरासरी तासाला चार निघत होती. एका शुक्रवारी सात झाली. त्या दिवशी त्याने तुषारच्या पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त घातलं. मशीनने इतका धूर सोडला की तुषार दिवसभर खोकला, आणि प्रणालीने त्याला गुळाचा खडा दिला. ते बघून रुपेशने पुन्हा असं केलं नाही.

"तुला काय होतं ते मला समजतं," एकदा ती म्हणाली.

"काय होतं?"

"तो बारका भाऊ आहे मला. नि तुलापण. तुझ्यापासूनच शिकलाय सगळं, अगदी बढाया मारण्यासकट."

"भाऊ असला म्हणून काय, बाराही महिने हसायचं?"

पौषात कुंपणाकडेची शेवटची पट्टी उरली. रुपेशची चाळीस मिनिटं संपली होती, मोजे काढून तो बसला होता. तेवढ्यात तुषारच्या पात्यात एक वेल गुंडाळली गेली. मशीन बंद करून तुषारने मोजे काढले आणि ती हाताने सोडवायला लागला. रुपेशपण गेला, कारण वेल सोडवायचं तरी काम याच्याआधी आपल्याला जमतं हे दाखवायचं होतं. दोघांनी दोन बाजूंनी ओढली. वर वाळलेल्या शेंगांचा घोस होता, तो फुटला आणि सोनेरी कुसळं दोघांच्या हातांवर पडली.

खाजकुयली.

तुषार आधी नुसता बघत राहिला, मग नाचायला लागला. हात झाडले, झाडाला घासले, मग धावत सुटला, राख कुठाय, शेण कुठाय करत. रुपेश पोट धरून हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तासाचा हिशेब त्याच्या बाजूने लागत होता.

मग तो हसायचा थांबला.

उजव्या हाताच्या करंगळीच्या टोकाला काहीतरी होत होतं. तो हलला नाही. हललं की जाईल अशी भीती वाटली. मग शेजारच्या बोटालाही. बारीक, तिखट, मुंगीने तोंड लावल्यासारखं.

"प्रणाली," त्याने हाक मारली.

ती मशीन बंद करून आली. "काय झालं?"

"खाजतंय."

"कुठे?"

"इथे." त्याने करंगळी पुढे केली. "नि इथे."

ती एकदम खालीच बसली. तोंडावर पदर धरला, मग काढला. तुषारने आणलेल्या राखेतली मूठभर तिने उचलली आणि चोळायला हात पुढे केला.

"थांब," तो म्हणाला. "राहू दे जरा."

दोघं करंगळीकडे बघत बसली. ती लाल होत होती. रुपेशला आयुष्यात इतकं सुंदर काही खाजलं नव्हतं. पलीकडे तुषार कोपरापर्यंत राख फासून अजून उड्या मारत होता, कधी ह्या हाताला, कधी त्या हाताला.

रुपेशने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"त्याला किती बोटांना खाजतंय गो?"

"दहाच्या दहा."

रुपेशने तोंड फिरवलं.

"मेल्याला सगळंच आधी मिळतं," तो म्हणाला.